येणार होती ती गिऱ्हाइकं

“महाराज, माझी गिऱ्हाइकं या बाईनं पळवली हो!” बांगड्यांचे बडे व्यापारी रंगोशेट यांनी भर दरबारात गळा काढला. बोट होतं भिवरा कासारणीकडे.

“म्हणजे तुझ्या दुकानातून ओढून नेली?” राजानं विचारलं.

“दुकानात शिरली कुठं! शिरणार होती. वाटेत ही टोपली मांडून बसली, नि बायका तिथंच थबकल्या!”

शहाण्या माणसाला हसू आलं असतं. पण राजेसाहेबांना न्याय करायची भारी हौस, आणि हट्ट तर त्याहून भारी!

“भिवरे, येणार होती ती सगळी गिऱ्हाइकं उद्या शेटला परत कर. नाहीतर पेठेत तुझी टोपली दिसता कामा नये!”

भिवरानं ओळखलं, टोपली उठली की घरची चूल विझली. तोंडानं मात्र ती एवढंच म्हणाली, “शेटनाही माल घेऊन यायला सांगा, महाराज.”

दुसऱ्या दिवशी दरबार बायकांनी फुलून गेला.

“ही घ्या शेट, तुमची गिऱ्हाइकं. भरा बांगड्या!”

“मी? मी गादीवर बसून विकतो. भरायच्या जिनं तिनं घरी!”

“अहो, बाई आधी हात पुढं करते, मग पैसे!”

“भरा!” राजा गरजला.

पहिला हात पाटलीणबाईंचा, चांगला भरदार. शेटनं बांगडी रेटली. कट्ट!

“भरताना फुटली तर नुकसान भरणाऱ्याचं. कासारांची रीत आहे बरं,” भिवरा गोड आवाजात म्हणाली. “दुसरी घ्या.”

कट्ट! कट्ट!

“अगं बाई! शेट, तुमचा हात आहे का अडकित्ता?” पाटलीणबाई ओरडल्या.

दुपारपर्यंत शेटभोवती काचांचा सडा पडला. मनगटं रिकामीच, आणि रांग पार दाराबाहेर! शेवटी शेटनं राजाचे पायच धरले.

“सोडवा, महाराज! यातली एकही बाई माझ्याकडे येणार नव्हती. देवाशपथ सांगतो!”

भिवरानं पदर सावरला. “ऐकलंत, महाराज? मग मी पळवलं काय?”

राजा पोट धरधरून हसला. राणीसाहेबांचा चुडा भरायचा मान त्यानं भिवराला दिला, वर राजवाड्याच्या दारात पक्कं दुकान. आणि रंगोशेटच्या हाती दिली केरसुणी, काचा झाडायला!