ढोलीतली चाकरी

एका डोंगराळ रानात हत्तीचे राज्य होते, आणि त्याच्या चाकरीत धनेश जातीची एक पक्षीण होती. कोणत्या झाडाची फळे पिकली हे रोज सकाळी दरबारात येऊन सांगायचे, म्हणजे कळपाची पायपीट वाचते, एवढेच तिचे काम. पण मुलांनो, दरबाराचा कारभारी होता कोल्हा. कामापेक्षा हजेरीवर त्याचा भारी जीव. दारातल्या ओल्या मातीत प्रत्येकाने पाऊल उमटवलेच पाहिजे, असा त्याचा दंडक होता. एकदा पाऊल उमटले, की मग दिवसभर पेंगले तरी चाले. तो स्वतःही पेंगत असे.

उन्हाळा लागला आणि धनेशिणीचे अंडी घालायचे दिवस आले. या पक्ष्यांची रीत अशी, की मादी झाडाच्या ढोलीत शिरते, ढोलीचे तोंड लिंपून घेते आणि चोच मावेल एवढीच फट ठेवते. पिल्ले मोठी होईपर्यंत नर बाहेरून घास भरवतो. ती राजाला म्हणाली, "महाराज, चाकरी सोडत नाही. ढोलीतूनच खबर देत जाईन, बुलबुल ती पोचवील." कोल्ह्याने नाक मुरडले. "घरात बसून कसली आलीये चाकरी?" राजाने मात्र होकार दिला.

कोल्ह्याला चैन पडेना. "ती नुसती झोपा काढते, महाराज," असे तो रोज राजाचे कान भरू लागला. शेवटी बुलबुल राजाचा निरोप घेऊन आला, "उद्या दरबारात हजर हो, नाहीतर चाकरी गेली." ढोलीत धनेशिणीचे पंख झडले होते, पिल्ले नुकतीच अंड्यांतून बाहेर आली होती. ती म्हणाली, "मला येता येणार नाही रे. चाकरी जायची तर जाऊ दे. पण महाराजांना एवढं सांग, नदीकाठची उंबरं संपली, कळप तिकडे नेऊ नका. कड्याखालचा वड पिकलाय. कळपातली लेकरं उपाशी राहायला नकोत."

दुसऱ्या दिवशी ढोलीखाली जड पावले वाजली. आता काय ऐकावे लागणार, म्हणून ती जीव मुठीत धरून बसली. बाहेर खुद्द राजा होता.

"कारभारी नदीकडेच चला म्हणत होता," राजा म्हणाला, "पण मी तुझं ऐकलं. आज कळपातली पिल्लं पोटभर जेवली. मी हलक्या कानाचा ठरलो, मनात ठेवू नकोस. पण आत कोंडून घेऊन तुला रानाची खबर लागते कशी?"

"माझे धनी दिवसभर रान धुंडाळतात, महाराज. त्यांच्या घासावरून मला झाड कळतं. काल उंबर आलंच नाही, वडाची फळं आली."

"तुझी चाकरी तुझीच आहे. पिल्लं उडायला लागेपर्यंत इथूनच कर," असे म्हणून राजाने सोंड उंचावली आणि वडाचे एक पिकलेले फळ फटीशी धरले. धनेशिणीने ते अलगद चोचीत घेतले आणि पिल्लांना भरवले. तिचे डोळे भरून आले.

तात्पर्य : चाकराला बसल्या जागेवरून नव्हे, केल्या कामावरून जोखावे; ज्याच्यावर विश्वास टाकला, तो दूर राहूनही जीव ओतून चाकरी करतो.