तालमीचं मैदान

संस्थानच्या दवाखान्यात रोग्यांना जागा पुरेना. राजवैद्य भास्करभट्ट महाराजांना म्हणाले, "शेजारचं तालमीचं मैदान द्या, दवाखाना दुप्पट करतो." महाराजांनी मान डोलावली.

हे कळताच तालीम चालवणारी अंबाक्का तडक दरबारात आली.

"काय अक्का, रोगी उघड्यावर निजवायचे?" वैद्यांनी दटावलं.

"छे, मैदान घ्याच की. पण खेळ बंद पडला, की ही धडधाकट पोरंही खाटेवर येतील. त्यांना कुठं ठेवाल?"

अंबाक्कानं ऐसपैस दरबारावर नजर फिरवली. "महाराज, इथं पुष्कळ खाटा मावतील."

महाराज खदखदून हसले. मैदान वाचलं. दवाखान्याला रिकामी पागा मिळाली, आणि वैद्यांना रोज पहाटे तालमीत येण्याचा हुकूम.