हैबती थांबायला शिकतो

कुठल्याशा गावात हैबती नावाचा एक भोळा गडी होता. कामाला वाघ, पण थांबायचं म्हणून काही त्याला ठाऊकच नाही. फाटी फोडायला सांगितली, तर मान वर न करता त्याने बसायचा पाटही फोडला.

त्याची बायको गोदा कावून गेली. तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न चार दिवसांवर आलेलं, आणि रुखवताचे लाडू-करंज्या हिच्याकडून जायच्या होत्या. मुहूर्ताआधी पोचल्या नाहीत, तर माहेरी तोंड कसं दाखवायचं?

"अहो, थांबा म्हटलं की तिथल्या तिथं थांबायचं!"

"बरं."

दुसऱ्या दिवशी तो विहिरीवर पाणी शेंदत होता. गोदा म्हणाली, "थांबा, पुरे झालं." बादली अर्ध्यावर आली होती. गड्याने तिथल्या तिथं हात सोडले. बादली गेली, दोरही गेला.

"अहो, हातातलं आधी खाली ठेवावं, मग थांबावं!"

"आलं ध्यानात."

तिसऱ्या दिवशी लाडू वळायला गोदाची आत्या आली. वाटेत ओढा. हैबतीने म्हातारीला पाठुंगळी घेतलं. काठावरून गोदा ओरडली, "थांबा! पुढं खोल आहे!"

हैबतीने आत्याबाईंना आधी खाली ठेवलं, मग थांबला. आत्याबाई गटांगळ्या खात म्हणाल्या, "मुडद्या!"

गोदाने कपाळावर हात मारला. "आता नीट ऐका. काम करताना अधूनमधून माझ्याकडे बघत जायचं. मी पदर हलवला की सगळं जिथल्या तिथं आवरायचं, आणि मगच थांबायचं."

"एवढं सोपं होय? आधी नाही का सांगायचं!"

लग्नाच्या दिवशी बैलगाडी निघाली. पुढे कासरा धरून हैबती बसलेला, मागे रुखवत, रुखवताशेजारी गोदा आणि आत्याबाई. बैलांच्या दर चार पावलांना हैबती मागे वळून बघायचा. पदर हलत नव्हता. बघता बघता बैलांनी वाट सोडली आणि गाडी तळ्याच्या उताराला लागली.

गोदाने जिवाच्या आकांताने पदर हलवला. हैबतीने तो लगेच पाहिला. खुशीत त्याने खाली उडी मारली. आधी आवरायचं! त्याने बैल सोडले, बाभळीला बांधले, पुढ्यात वैरण टाकली, कासऱ्याची छान गुंडाळी केली. मोकळी गाडी तेवढ्यात त्याच्या शेजारून गडगडत गेली ती थेट तळ्यात.

लाडू तरंगायला लागले. कमरेइतक्या पाण्यात उभी राहून गोदा अजून पदर हलवत होती.

काठावरून हैबती हसून म्हणाला, "अगं गोदे, पुरे आता! मी केव्हाच थांबलोय!"