घाटापलीकडची लेक

सुलभाताईंची लेक मृण्मयी घाटापलीकडच्या दवाखान्यात डॉक्टर होती. एसटीच्या खोळंब्यामुळे ती दिवाळीपासून घरी आलेली नव्हती. ताईंचा जीव तिच्यासाठी तुटायचा. शेवटी तिच्यासाठी जुनी डिझेल गाडी घ्यायला त्या दलाल नागवेकरांकडे गेल्या.

नागवेकरांनी चकचकीत पांढरी गाडी दाखवली. "डोळे मिटून घ्या. घाटात कुठ्ठे थांबणार नाही. बायकांना इंजिनातलं काय कळणार?"

"खरंय," ताई म्हणाल्या. "म्हणून उद्या तुम्हीच वहिनींना, मुलांना हिच्यात बसवून घाटातून जा आणि माझ्या लेकीला घेऊन या. ती दारात उतरली की गाडी घेतली."

नागवेकरांनी कोपऱ्यातल्या धुळकट गाडीकडे बोट दाखवलं. "त्यापेक्षा ही न्या."

दुसऱ्या दिवशी त्याच धुळकट गाडीतून नागवेकर सहकुटुंब मृण्मयीला घेऊन आले. ते किल्ली पुढे करत राहिले, पण ताईंचे दोन्ही हात लेकीच्या गालांवर होते.