पाण्याच्या वजनाची मोटार

एकदा, आणि हे ‘एकदा’ फार जुने नाही, एका गावात त्र्यंबकराव नावाचे एक वृद्ध यंत्रज्ञ राहत होते. रोबोट घडवण्याची विद्या शिकायला त्यांच्या कार्यशाळेत तरुण मंडळी येत. त्यांत ऋजुता सर्वांत बुद्धिमान. आठ महिने खपून तिने एक खुर्ची तयार केली होती. ज्यांना पायऱ्या चढता येत नाहीत, त्यांना बसवून ही खुर्ची रबरी पट्ट्यांवर आपोआप जिना चढणार होती.

खुर्चीचा प्रत्येक भाग ऋजुताने आधी संगणकावर रेखला होता. भाग जोडले की संगणक क्षणात वजन सांगे : ४६.३१८ किलो. साऱ्या यंत्राचे वजन जणू ज्या एका जागी एकवटलेले असते, तो गुरुत्वमध्य पडद्यावर जांभळ्या ठिपक्याने दिसे. ठिपका अगदी खाली, दोन पट्ट्यांच्या मधोमध होता. खुर्चीचा तोल जाईल अशी शंका घ्यायला जागाच नव्हती.

पहिल्या चाचणीसाठी शकुंतलाबाई आल्या. त्या निवृत्त ग्रंथपाल. अर्धांगवायूने डावी बाजू गेल्यापासून सहा वर्षांत त्या स्वतःच्या घराच्या माडीवर गेल्या नव्हत्या, आणि त्यांची सारी पुस्तके माडीवर होती. कार्यशाळेत चाचणीपुरता सात पायऱ्यांचा लाकडी जिना उभारला होता. बाई हसत खुर्चीत बसल्या. ऋजुताने त्यांच्या कमरेचा पट्टा आवळला.

इतक्यात त्र्यंबकराव पुढे आले. त्यांनी खुर्चीच्या पाठीवर तळवा ठेवून हलकेच दाबले आणि म्हणाले, “शकुंतलाबाई, आपण उतरा.”

“का हो? आत्ता तर बसले मी.”

“सांगतो. आधी उतरा.”

ऋजुताचा चेहरा लाल झाला. “सर, मी सगळं तपासलंय. तिसऱ्या दशांशापर्यंत!”

बाईंना बाजूला बसवून त्र्यंबकरावांनी जे केले, त्याने सारेच चक्रावले. छताच्या साखळीला त्यांनी ती नवी कोरी खुर्ची एका कोपऱ्याने टांगली. टांगल्या जागेवरून गवंडी वापरतात तसा ओळंबा सोडला आणि दोरीच्या रेषेत खुर्चीच्या अंगावर खडू ओढला. मग दुसऱ्या कोपऱ्याने टांगून दुसरी रेघ ओढली.

“या दोन रेघा जिथे छेदतात, तिथे हिचा खरा गुरुत्वमध्य.”

ती जागा पडद्यावरच्या ठिपक्यापासून जवळजवळ वीतभर वर आणि मागे होती.

“शक्यच नाही,” ऋजुता म्हणाली. “साखळी तिरकी असेल.”

“मग चालवून पाहू. बाईंच्या वजनाइतकी वाळू बसव.”

वाळूची पोती खुर्चीत बांधली गेली. ऋजुताने कळ दाबली. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. चौथीवर पट्ट्यांचे पुढचे टोक हवेत उचलले गेले, क्षणभर तसेच थांबले, आणि सबंध खुर्ची पाठीवर उलटून फरशीवर आदळली. वरचे पोते फुटले. वाळू फरशीवर पसरत गेली.

शकुंतलाबाईंचा उजवा हात नकळत स्वतःच्या डोक्यामागे गेला होता. ऋजुताचे बोट अजून कळीवरच होते. ती जिन्याच्या खालच्या पायरीवर मटकन बसली.

मग तिने विचारले, “सर, संगणक चुकला कसा?”

त्र्यंबकरावांनी तिचे रेखाटन उघडले आणि खुर्चीच्या पाठीला लावलेल्या विजेच्या मोटारीवर बोट ठेवले. “ही तू रेखलीस?”

“नाही. तयार मिळाली, तशीच बसवली.”

“हिचा धातू कोणता, ते लिहिलंस?”

ऋजुताने पाहिले. ती जागा रिकामी होती.

“संगणक चुकला नाही, बाळ,” ते शांतपणे म्हणाले. “तू सांगितलंस तेवढ्याचं त्याने चोख गणित केलं. जे सांगितलं नाहीस, तिथे तो अडून बसला नाही. धातू लिहिला नसेल तर तो पाण्याची घनता धरतो; मोटार जणू पाण्याची आहे असं धरून पुढे गेला. नऊ किलोची मोटार तुझ्या चित्रात दीड किलोची झाली. अशा दोन, आणि दोन्ही पाठीशी उंचावर. वजनाच्या जागी अज्ञान कोरं दिसलं असतं, तर तुला संशय आला असता. ते आकडा होऊन आलं, म्हणून तू विश्वास ठेवलास. ते तीन दशांश म्हणजे बारकावा. बारकावा म्हणजे सत्य नव्हे. मी यंत्राला हात लावून पाहिला, तेव्हा पाठ जड लागली. तू एकदाही लावून पाहिला नाहीस.”

ऋजुता उठली आणि शकुंतलाबाईंपुढे जाऊन उभी राहिली. बाईच म्हणाल्या, “मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू? पण तू नीट बांध. मी पुन्हा येईन.”

दुसऱ्या दिवसापासून ऋजुताने खुर्ची सुटी केली. मोटारी, बॅटरी, तारांचे जुडगे, स्क्रूसुद्धा तिने काट्यावर ठेवले आणि प्रत्येकाचे खरे वजन चित्रात भरले. मग मोटारी पाठीवरून काढून खाली, पट्ट्यांच्या मध्ये आणल्या. त्याला तीन महिने लागले.

शकुंतलाबाई ठरल्याप्रमाणे आल्या. जिन्याकडे पाहून त्यांनी विचारले, “या वेळी वजन किती भरलं ग?”

ऋजुताने आकडा सांगितला नाही. ती स्वतः खुर्चीत बसली, पट्टा आवळला आणि म्हणाली, “आधी मी चढते. तुम्ही बघा.”

त्र्यंबकराव जिन्याच्या पायथ्याशी, तिच्या पाठीमागे, दोन्ही हात पुढे करून उभे राहिले.