झऱ्याभोवतीचे कुंपण

एकदा एक वृद्ध साधू वाळवंटातल्या एका झऱ्याकाठी राहत होते. चहूकडे नुसती वाळू, आणि मध्येच जमिनीच्या पोटातून वर आलेले एवढेसे पाणी. त्या पाण्यात बोटाच्या पेराएवढे निळे मासे होते. जगात दुसरीकडे ते कुठेच नव्हते. वाळू ओलांडून बिचारे जाणार तरी कुठे?

साधू यात्रेला निघाले, तेव्हा त्यांनी झरा आपल्या शिष्यावर सोपवला. शिष्य फार हळवा. उंटवाल्यांचा तांडा पाणी पिऊन गेला, त्या दिवशी त्याला उंटाच्या पावलाने पडलेल्या खळग्यात एक मासा तडफडताना दिसला. त्याने तो ओंजळीत घेतला, पण तोवर त्याचा जीव गेला होता. शिष्याला त्या दिवशी घास गिळवेना. मग त्याने तेच केले, जे जीव लावणारी माणसे नेहमी करतात. त्याने झऱ्याभोवती काटेरी फांद्यांचे कुंपण घातले.

उंटांना त्याने तहानलेले ठेवले नाही, हेही सांगायला हवे. बाहेर डोणी मांडून तो स्वतः पाणी भरू लागला. उंटवाले म्हणाले, "महाराज, आमचे उंट इथला लव्हाळाही खातात."

"चारा दुसरीकडे बघा," शिष्य म्हणाला. "इथे माझे मासे मरतात."

लव्हाळा माणसाच्या उंचीचा झाला. ती हिरवाई पाहून शिष्य सुखावला. मासे मात्र दिसेनासे होत चालले. कुठून तरी कोणी आत शिरत असेल, असे वाटून त्याने आणखी काटे रचले.

साधू परतले तेव्हा शिष्य त्यांच्या पायाशी बसून रडू लागला. "बाबा, डोळ्यांत तेल घालून राखले, तरी गेले हो."

साधूंनी लव्हाळा बाजूला सारला. तळाशी, अंधारात, थोडे फिकट मासे दाटीने उभे होते. साधू उठले, हातांनी काटे ओढू लागले आणि तांड्याला हाक मारून म्हणाले, "उंट आत सोडा."

शिष्य उंटांपुढे आडवा झाला. "आधी माझ्यावरून जाऊ द्या."

साधूंनी त्याला हाताला धरून शेजारी बसवले. त्यांची बोटे काट्यांनी रक्ताळली होती.

"अरे बाळा, या माशांना ऊन लागते. काठचे उथळ, कोमट पाणी लागते, तिथेच ते अंडी घालतात. लव्हाळ्याने पाण्यावर सावली धरली, मुळ्यांनी काठ भरून टाकला. उंट येतो तेव्हा दोन-चार मासे तुडवतो. मलाही दर वेळी वाईट वाटते. पण लव्हाळा खाऊन तोच बाकीच्यांचे ऊन मोकळे करतो. तुझ्या मायेत खोट नव्हती. एका माशाचे मरण तिला सोसले नाही, एवढेच."

उंट दिवसभर चरत राहिले.

पुढे एका सकाळी शिष्य काठाशी वाकला. उंटांच्या पावलांनी पडलेल्या खळग्यांत झऱ्याचे पाणी पसरले होते, उन्हाने कोमट झाले होते आणि त्यात केसाएवढी पिल्ले फिरत होती. त्याने बोट बुडवले, तर ती बोटाभोवती जमली.

तांडा पुन्हा आला, तेव्हा शिष्य वाटेत सामोरा गेला. पुढच्या उंटाची दोरी त्याने आपल्या हाती घेतली आणि त्याला सावकाश पाण्यापर्यंत आणले.

तुमच्या घरी वयात आलेले लेकरू असेल आणि जपण्यासाठी त्याच्याभोवती कुंपण घालावेसे वाटले, तर या उंटांची आठवण ठेवा.