कळकाचे कोंब

पूर्वी वेणुमती नगरीत राजा सुबाहू राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका बुरुडाच्या घरी जन्मले. त्यांचे नाव अनघ. मोठे झाल्यावर ते राजाच्या बुरूडशाळेत काम करू लागले. नदीकाठच्या बांबूच्या बेटातून कळक तोडताना ते निबर तेवढेच घेत, कोवळे कोंब राखत.

शेजारी बसून टोपल्या विणणाऱ्या तिंदुकाला याचे हसू येई. "अरे, बेट राजाचं. तुला कशाला एवढी कळकळ?"

"आपल्यामागून इथं कुणी बसेलच की. त्यालाही कळक लागतील," बोधिसत्त्व म्हणाले.

पुढे राजकन्येचे लग्न ठरले. बुरूडशाळेचा प्रमुख शंबर घाबराघुबरा होऊन आला. "मोठा मांडव हवा आहे. कोंबांसकट सगळं बेट उतरवा!"

बोधिसत्त्व हात जोडून म्हणाले, "धनी, हत्तीशाळेमागे जुन्या मांडवाचे कळक पडून आहेत. तासले तर पुरतील. सुट्टीच्या दिवशी मी तासतो."

"आणि नाही पुरले तर?"

"तर मला कामावरून काढा." शंबर कबूल झाला.

सुट्टीच्या दिवशी तिंदुक घरी जेवायला बसला. अनघाला घालवून दिले तर त्याची म्हातारी आई काय खाईल? तो ताटावरून उठला. हत्तीशाळेमागे बोधिसत्त्व एकटेच कळक तासत होते. कामट्यांनी हात रक्ताळले होते.

"सरक जरा," एवढेच म्हणून तिंदुकाने कोयता उचलला. त्याला पाहून दुसरा आला, मग तिसरा. दिवस कलण्याआधी अंगण माणसांनी भरले.

मांडव वेळेवर उभा राहिला. राजाने विचारले, "हे कळक जुने दिसतात. कुणाची कल्पना?"

बोधिसत्त्व म्हणाले, "महाराज, धन्यांनी मुभा दिली, सगळ्यांनी हात लावला."

शंबराला राहवले नाही. "महाराज, मी तर बेटच तोडायला निघालो होतो. या अनघानं अडवलं."

राजा प्रसन्न झाला. कोवळा कोंब कुणी तोडू नये, अशी त्याने आज्ञा केली. पण आज्ञेची गरज उरली नव्हती. शंबर स्वतःच बेटात जाऊन कोंबांभोवती काट्यांचे कुंपण घालू लागला होता.

एवढे सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तो शंबर म्हणजे आज विहाराचे कोठार राखणारा स्थविर. तिंदुक म्हणजे कुणी न सांगता तळ्यातला गाळ उपसणारा हा तरुण भिक्षू. अनघ मीच होतो. कुणी न सांगितलेले हिताचे काम एकट्याने आरंभावे आणि थकू नये, हीच वीर्यपारमिता, प्रयत्नाची परिपूर्णता."